भय हे धोक्याचे माप नव्हे

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ अशी एक जुनी म्हण आपल्या भाषेत आहे. म्हणीतला राक्षसदेखील ब्राह्मणाचाच असावा, ही गोष्ट मौजेची खरी; परंतु त्या राक्षसाच्या जातीचा विचार करण्याचा आज आमचा उद्देश नाही. तो ज्याच्या पाठीस लागतो त्या भ्यालेल्या माणसाच्या मेंदूत आणि देहात त्या घटकेस काय घडते, याचा विचार करावयाचा आहे. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतले पुष्कळसे प्रश्न तत्त्वज्ञानाचे नसतात. ते छातीच्या धडधडीचे असतात. म्हणून हा विषय शरीरशास्त्राचा असला तरी तो धम्माच्या वाटेवरचाच आहे.

दारव्हा तालुक्यातील कोणत्याही खेड्यातले एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरातील देव्हारा निघाला आहे, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली आहे, बावीस प्रतिज्ञा सर्वांनी एका आवाजात म्हटल्या आहेत. पुढे चार-सहा महिन्यांनी एका रात्री लहान पोराला सणसणून ताप भरतो. शेजारची बाई हळूच म्हणते, “मरीमायला विसरलात, त्याचे हे फळ. उतारा टाका.” घरातला शिकलेला मुलगा विरोध करतो, परंतु आजीचे हात कापू लागतात, आईच्या अंगावर काटा येतो, बापाच्या तोंडाला कोरड पडते. आणि मग सर्वांच्या मनात एकच वाक्य उभे राहते : ‘एवढी भीती वाटते, त्या अर्थी काहीतरी असलेच पाहिजे.’

सारी गोम या एका वाक्यात आहे. अंगावर आलेला काटा खोटा नव्हे, आजीच्या हातांचा कंप हे सोंग नव्हे. परंतु तो भय असल्याचा पुरावा आहे. धोका असल्याचा नव्हे. भय निराळे आणि धोका निराळा. धोका नसताना भय असू शकते आणि भय नसताना धोका असू शकतो. हा भेद ज्या घराला कळला, त्या घरात उतारा शिरणार नाही. ज्याला कळला नाही, त्याने प्रतिज्ञा कितीही वेळा म्हटल्या तरी भगताला त्याच्या दाराची वाट सापडल्यावाचून राहणार नाही.

देहातील जागल्या

शेतात जागल करणारा मनुष्य अंधारात पाला सळसळला की प्रथम हाळी देतो. ते रानडुक्कर आहे, रोही आहे की नुसता वारा आहे, हे तो मागाहून पाहतो. आपल्या मेंदूतही असाच एक जागल्या बसलेला आहे. कानशिलाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या दोन्ही अर्धांत, बदामाएवढा आणि बदामाच्याच आकाराचा एक भाग असतो. त्यास शास्त्रज्ञ अमिग्डाला म्हणतात. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच बदाम असा आहे. अमेरिकन संशोधक जोसेफ लेडू यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की धोक्याची वार्ता या जागल्याकडे दोन वाटांनी येते. एक वाट आखूड आहे. डोळ्यांना किंवा कानांना जे जाणवले ते ओबडधोबड स्वरूपात क्षणार्धात तिथे पोचते. दुसरी वाट लांबची आहे. ती मेंदूच्या बाह्यपटलावरून, म्हणजे जिथे ओळख आणि पारख होते त्या भागावरून, फिरून येते. पहिली वाट जलद पण अडाणी. दुसरी शहाणी पण सावकाश. म्हणूनच पायवाटेवर पडलेली दोरी दिसताच पाय आधी मागे उडतो, आणि ‘अरे, ही तर दोरी’ हे वाक्य मागून येते.

यात निसर्गाचा हिशेब चुकलेला नाही. दोरीला साप समजून दहा वेळा उडी मारली तर दमण्यापलीकडे नुकसान होत नाही. परंतु सापाला दोरी समजून एकदा पाय ठेवला तर प्राण जातो. ज्यांचा जागल्या उतावळा होता ते पूर्वज जगले आणि त्यांचीच आपण लेकरे आहोत. पण यावरून जागल्याच्या प्रत्येक हाळीमागे खरोखरीच जनावर असते, असे मात्र ठरत नाही.

हाळी उठली की पुढचे काम हायपोथॅलॅमस नावाचा भाग करतो. त्याच्या आज्ञेने मज्जातंतू आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथी कामास लागतात आणि रक्तात ॲड्रेनालिन नावाचे द्रव्य उतरते. हृदय जोराने चालू लागते, श्वास वाढतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, यकृतातील साखर रक्तात येते. पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, म्हणून पोटात गोळा येतो. लाळ आटते, म्हणून तोंडाला कोरड पडते. केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आकसतात, म्हणून अंगावर काटा उभा राहतो. मांजर कुत्र्यापुढे केस फुलवून मोठे दिसू पाहते, त्याचाच हा अवशेष आहे. आपल्या अंगावर ते केस उरले नाहीत, काटा तेवढा उरला. पुढे काही मिनिटांत कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य वाढते आणि देहाला अधिक काळ सज्ज ठेवते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्याचा अर्थ लावला : भ्यालेला देह लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कंबर कसत असतो. कित्येकदा तो लढतही नाही आणि पळतही नाही, जागच्या जागी थिजतो. तेही याच संरक्षणाचे एक रूप आहे.

एवढे समजल्यावर मरीमायच्या नावाने आलेल्या काट्याचे गूढ काय उरले? देहाची हीच यंत्रणा वाघासमोर चालते, हीच सावकारासमोर चालते आणि हीच कधीही न दिसलेल्या देवीच्या नावाने चालते. जागल्याला नावांची पारख नाही.

विषाविना भय आणि भयाविना विष

याचे प्रमाण दूर शोधावयास नको. ते आपल्याच वावरात आहे. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी हा सारा कापूस, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. पावसाळ्यात निंदणीला वाकलेल्या बाईचा हात आणि गवतातला साप यांची गाठ पडावयास वेळ लागत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मेली असा अंदाज दिला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती.

आता हे पाहा. आपल्याकडील सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्या चाव्याने माणूस मरत नाही. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. अशा दंशास कोरडा दंश म्हणतात. परंतु चावा बसलेल्या माणसाला हे कुठे ठाऊक असते? त्याचे हृदय धडधडते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही लक्षणे विषाची नव्हेत, भयाची आहेत. त्याला मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक निंबाचा डहाळा फिरवितो, पुटपुटतो, फुंकर घालतो. घटकाभरात भयाची लाट ओसरते, कारण ती ओसरतेच. रोगी उठून बसतो आणि गावात डंका वाजतो की मंत्राने विष उतरले. जे विष चढलेच नव्हते, ते उतरविल्याची दक्षिणा मात्र घेतली जाते.

आणि याच मांत्रिकाच्या हाती मण्यारीचा दंश आला म्हणजे काय होते? मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळवत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. येथे भय नाही, धडधड नाही, पण मृत्यू उशाशी उभा आहे. पहिल्या रोग्याला भय होते, विष नव्हते. दुसऱ्याला विष आहे, भय नाही. भयावरून धोका मोजणाऱ्या समाजात पहिला वाचतो आणि मांत्रिकाचा गौरव करतो. दुसरा मरतो, आणि त्याच्या मरणाचा दोष त्याच्या नशिबावर जातो.

म्हणून उपाय एकच, आणि तो घरातील प्रत्येकाला पाठ असला पाहिजे. साप चावला की रोग्याला धीर द्यावा, चावलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, चालवू नये, घट्ट दोर आवळू नये, जखम कापू नये, तोंडाने चोखू नये. साप कोणता होता हे शोधण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. लक्षणे नसली तरी रोग्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठेवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, हे विसरता कामा नये.

भयाविना धोक्याचे आणखी एक उदाहरण याच यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठीवर पंप, तोंडाला फडका नाही, हातात मोजे नाहीत, माथ्यापेक्षा उंच वाढलेली पऱ्हाटी. त्यांच्या अंगावर काटा आला नसेल, कारण आपल्या पूर्वजांच्या रानात फवारणीचे पंप नव्हते. जागल्याला हे जनावर ओळखताच येत नाही. जी माणसे पिंपळाखालून रात्री जाताना थरथरतात तीच विषाच्या डब्यात हात घालून द्रावण ढवळतात. अशा ठिकाणी देह सावध करीत नाही. ज्ञानानेच सावध व्हावे लागते, आणि मालकाने संरक्षक साधने दिली नाहीत तर ती मागावी लागतात.

जुने भय का परतते

आता पुन्हा त्या तापाच्या रात्रीकडे वळू. कोणी विचारील, “धम्म स्वीकारला, देव सोडले, मग आजीला अजून भीती का वाटते? तिची श्रद्धा कच्ची का?” असे बोलून वृद्ध माणसांना हिणवणारे तरुण आम्हाला ठाऊक आहेत. त्यांचे हे बोलणे अन्यायाचे आहे आणि अशास्त्रीयही आहे.

मेंदू भय कसे शिकतो आणि कसे सोडतो, यावर रशियातील पावलॉव्ह यांच्या काळापासून पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातून निघालेली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकदा शिकलेले भय पाटीवरच्या अक्षरासारखे पुसले जात नाही. त्याच्यावर नवे शिकणे बसते, आणि कपाळाच्या मागे असलेला मेंदूचा विचारी भाग त्या जुन्या भयाला लगाम घालून धरतो. माणूस थकला, आजारी पडला, मोठ्या काळजीत सापडला किंवा जुन्या जागी जुन्याच लोकांत गेला, की लगाम सैल होतो आणि जुने भय डोके वर काढते. सुंभ जळाला तरी पीळ राहतो, तो असा. आजीने साठ वर्षे पटकी, देवी आणि मरीमाय यांची सांगड ऐकली. दीक्षा घेतली त्याला वर्षही झाले नाही. तिचे हात कापले तर तिचा धम्म खोटा ठरत नाही. कापत्या हातांनी तिने पोराला भगताकडे न नेता डॉक्टरकडे नेले, तर तिच्याइतकी प्रतिज्ञा पाळणारी दुसरी कोणी नाही, असे आम्ही म्हणू.

भयाला हलके लेखण्याचेही कारण नाही. याच कॅनन यांनी १९४२ साली एक लेख लिहून, जादूटोण्याच्या शापावर पूर्ण विश्वास असलेली आणि आप्तांनीही मेलीच समजून दूर लोटलेली माणसे भयानेच कशी दगावत असावीत, याची मीमांसा केली. म्हणजे करणी खोटी. पण करणीचे भय प्राणघातक होऊ शकते. भगताचा धंदा चालतो तो शक्तीवर नव्हे, आपल्याच देहातील रसायनांवर चालतो. भांडवल आपले आणि नफा त्याचा!

जातीचे भय

आतापर्यंत देवादिकांच्या भयाविषयी लिहिले. त्याहून खोल रुतलेले एक भय आपल्या समाजाच्या देहात आहे. ते कल्पित नव्हते. पाटलाच्या वाड्यापुढून मान वर करून गेल्यास पाठीवर काठी बसे, हे सत्य होते. जिवंत राहण्यासाठी देह वाकणे शिकला. परंतु काठी गेल्यावरही मान वाकलेलीच राहिली, तर ती काठी फुकट राज्य करते.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवावयास दिले. कोणाची जात सांगितली नाही तेव्हा उच्च आणि कनिष्ठ म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. परंतु सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारली, तेव्हा कनिष्ठ म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, मुले तीच, कोडे तेच. मध्ये आली ती केवळ एक घोषणा! ज्या मुलाला वाटते की येथे आपल्याला न्याय मिळणार नाही, त्याचा जागल्या जागा होतो. आणि जागल्या ओरडत असता विचारी मेंदूचे काम मंदावते, हे शरीरशास्त्राने दाखविले आहे. आमचे असे मत आहे, की शाळेत हजेरीच्या वेळी जात पुकारणे हा निव्वळ असभ्यपणा नव्हे. तो मुलाच्या बुद्धीवर केलेला घाव आहे. आईबापांनी त्यास हरकत घेतलीच पाहिजे.

टिपेश्वरच्या रानातले हरीण वाघ दिसताच उधळते. वाघ निघून गेला की थोड्याच वेळात चरू लागते. माणसाचे तसे नाही. त्याचा वाघ त्याच्या मनात असतो, म्हणून तो रात्रंदिवस जात नाही. अशा नित्य भयाने रक्तदाब वाढतो, झोप उडते, रोगाशी लढण्याची शक्ती क्षीण होते. अवमानाची किंमत केवळ मनाला नव्हे, हृदयालाही मोजावी लागते.

भय केवळ दुर्बळालाच ग्रासते असेही नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो अस्पृश्य बांधवांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. थोड्याच वेळात गावात आवई उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा बेत कोणाचाही नव्हता. परंतु जमावाने खरेखोटे पाहिले नाही. लाठ्या घेऊन तो परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींवर तुटून पडला. आपली माणसेही चवताळली होती. त्या घटकेस बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि कायद्याची वाट धरली. एकीकडे आवईवर धावलेला जागल्या आणि दुसरीकडे लगाम हाती ठेवणारी प्रज्ञा : महाडच्या रस्त्यावर त्या दिवशी या दोहोंची परीक्षा झाली.

मग करावे काय?

मज्झिमनिकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात तथागत जानुस्सोणि ब्राह्मणाला आपल्या बोधिपूर्व काळातील अनुभव सांगतात. पक्षातील ठरावीक रात्री, लोक ज्या स्थळांना भितात अशा रानातील चैत्यांत ते मुद्दाम राहिले. कधी एखादे जनावर जवळ येई, कधी मोर काटकी मोडी, कधी वाऱ्याने पाला सळसळे, आणि भय येई. मला भय वाटलेच नाही, असे ते सांगत नाहीत. ते सांगतात की चालताना भय आले तर चालतच, बसलेले असता आले तर बसूनच, त्याचा निरास होईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. आधुनिक मानसोपचारात भीतीवर जी सर्वांत उपयुक्त चिकित्सा मानली जाते तिचे मर्म हेच आहे : खरा धोका नाही अशा ठिकाणी भयापासून पळू नये, भय ओसरेपर्यंत तिथे राहावे, म्हणजे मेंदू नवा धडा शिकतो.

घरोघरी आचरता येण्याजोगे ते इतकेच. भय आले की प्रथम श्वास मंद करावा. विशेषतः उच्छ्वास लांबवावा. त्याने हृदयाची गती उतरते आणि विचाराला उसंत मिळते. मग स्वतःस विचारावे : मला भीती वाटते हे खरे; पण धोका कोणता, तो कोणाला दिसला, आणि त्यावर खरा इलाज कोणाकडे आहे? ताप असेल तर इलाज डॉक्टरकडे आहे. गावाने वाळीत टाकण्याची धमकी दिली असेल तर तो धोका खरा आहे. तिथे नुसता श्वास मोजून भागणार नाही. तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद आहे, आणि संघटना आहे. ‘बौद्ध झालात तर सवलती जातील’ असे कोणी भिवविले, तर त्याला सांगावे की तो धोका कोणे एके काळी खरा होता. परंतु १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. खऱ्या धोक्याला संघटितपणे भिडावे, खोट्याला प्रश्न विचारून घालवावे. दोहोंची गल्लत करू नये.

आणि एक मागणे मातांपाशी आहे. पोर रडते म्हणून त्यास बागुलबुवा, भूत किंवा पोलिसाचे नाव सांगून गप्प करू नये. आज गप्प झालेले पोर उद्या भगतापुढे आणि साहेबापुढेही गप्प राहील. त्याला अंधारात हात धरून न्यावे आणि खुंटीवरचा सदरा हा सदराच आहे, हे त्याच्याच हाताने त्याला चाचपू द्यावे. त्या चाचपण्यात जो मुलगा किंवा मुलगी वाढेल, तिच्या मागे ब्रह्मराक्षस लागणार नाही. आणि लागलाच तर ती वळून पाहील की तो खरोखर आहे कोण.